प्राग पायी पाहताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक सोडून प्रागमध्ये संसार थाटल्याला बरीच वर्षं झाली. दर उन्हाळ्यात घरी कुणी ना कुणी येतंच. कधी मामेभाऊ, कधी शाळेतली मैत्रीण, एकदा तर सासूबाईंच्या भिशीतल्या काकू आणि त्यांचे यजमान. माणसं बदलतात, प्रश्न तेच राहतात. व्हॉट्सॲपवर तीच उत्तरं टाइप करून अंगठे दुखायला लागले, म्हणून सगळं एकदाच लिहून काढलंय. यात माझी मतंही आहेत. पटली नाहीत तर खुशाल सोडून द्या.

प्राग खरंच चालत बघून होतं का?

होतं. बघण्यासारखं बहुतेक सगळं व्ल्तावा नदीच्या दोन काठांवर, साधारण चार किलोमीटरच्या पट्ट्यात आहे. जुन्या शहराच्या चौकातून चार्ल्स पुलापर्यंत दहा मिनिटं. पूल ओलांडायला, थांबत-बघत, पंधरा-वीस. तिथून किल्ल्यापर्यंत चढण धरून आणखी अर्धा तास. गाडीची गरजच नाही, उलट गाडी आणलीत तर ती लावायची कुठं हेच दुखणं होऊन बसेल.

प्राग हे १७८४ पर्यंत एक शहर नव्हतंच. स्तारे म्येस्तो म्हणजे जुनं शहर, नोवे म्येस्तो म्हणजे नवं शहर, नदीपलीकडची माला स्त्राना आणि डोंगरावरचं ह्राद्चानी ही चार वेगळी गावं होती, प्रत्येकाचा कारभार वेगळा. (‘नवं’ शहर १३४८ सालचं आहे, त्यामुळे नावावर जाऊ नका.) चालताना हे पायांना कळतं. एका भागात गल्ल्या बोळांसारख्या वळतात, दुसऱ्यात रस्ते एकदम सरळ आणि रुंद होतात. टॅक्सीत बसून हा फरक लक्षातही येत नाही.

किती दिवस ठेवू?

पूर्ण तीन दिवस. दोन दिवसांत होईल, पण मग चालणं न होता धावपळ होईल. व्हिएन्ना-प्राग-बुडापेस्ट पाच दिवसांत उरकणाऱ्या टूरवाल्यांबद्दल मी काही बोलत नाही.

नकाशात सारखं हरवायला होतं. दिशा कशी लक्षात ठेवायची?

फोन खिशात ठेवा आणि नदी शोधा. शहरातून व्ल्तावा मोटामोटी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. पाणी जिकडं चाललंय तिकडं तोंड करून उभं राहिलात की किल्ला डाव्या हाताला आणि जुनं शहर उजव्या हाताला. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. गल्लीबोळात चुकलात तर उताराची वाट धरा, ती बहुतेक वेळा नदीवरच जाते. प्रवाहाच्या उलट, दक्षिणेकडं गेलात की विशेह्रादचा कडा लागतो. प्रवाहाबरोबर गेलात की लेतना टेकडीपाशी नदी पूर्वेला वळते. या दोन टोकांच्या मधेच तुमचे तीनही दिवस जाणार आहेत.

आणखी एक गोंधळ : घरांवर दोन-दोन नंबरांच्या पाट्या असतात, एक लाल, एक निळी. पत्ता शोधताना निळी बघायची, तो रस्त्यावरचा क्रमांक. लाल पाटी त्या भागातल्या इमारतींच्या नोंदणीची. माझ्या मामेभावानं लाल नंबर धरून पाऊण तास हॉटेल शोधलं होतं, आणि हॉटेल त्याच्या पाठीमागं होतं.

सुरुवात कुठून करावी?

सगळे चौकातून करतात. मी सांगेन, पहिल्या दिवशी पहाटे उठा (विमानाच्या थकव्यानं तशीही लवकर जाग येते) आणि उजाडायच्या वेळी चार्ल्स पुलावर जा. त्या वेळी पुलावर लग्नाचे फोटो काढणारी दोन-तीन जोडपी, एखादा धावणारा आणि तुम्ही, एवढेच. नऊ वाजल्यानंतर तिथं गणपतीच्या दहा दिवसांतल्या लक्ष्मी रोडसारखी अवस्था होते, मग पुतळे सोडा, समोरच्याची पाठ सोडून काही दिसत नाही.

चार्ल्स पुलावर एवढं काय आहे? पूलच तर आहे.

पूलच आहे. पण १३५७ साली बांधायला घेतलेला, ५१६ मीटर लांबीचा, १६ कमानींचा दगडी पूल आहे, आणि १८४१ पर्यंत शहरात नदी ओलांडायला दुसरा पूलच नव्हता. राजे, फौजा, मिरवणुका, कोंबड्यांच्या टोपल्या, सगळं यावरूनच गेलं.

राजा चौथा चार्ल्स ज्योतिषावर विश्वास ठेवणारा होता. पायाचा दगड बसवायला मुहूर्त काढला तो असा, असं सांगतात : वर्ष १३५७, तारीख ९, महिना ७, वेळ पहाटे ५ वाजून ३१ मिनिटं. हे ओळीनं लिहा, १३५७९७५३१. विषम आकडे चढत जातात आणि तसेच उतरतात, उलटं वाचलं तरी तेच. खरं-खोटं राजाला माहीत, पण आपल्याकडे पंचांग उघडून बसणाऱ्या कुणालाही ही गोष्ट सांगा, लगेच पटते. त्याआधी इथं युडिथ नावाचा पूल होता, तो १३४२ च्या पुरात वाहून गेला. तेव्हा दुसऱ्या खेपेला मुहूर्त काळजीपूर्वक बघितला असेल तर नवल नाही. मुहूर्त असूनही १८९० च्या पुरानं या पुलाच्या तीन कमानी पाडल्याच.

कठड्यांवरचे ३० पुतळे नंतरचे, बहुतेक १६८३ ते १७१४ या काळात बसवलेले. आज दिसतात त्यातल्या बऱ्याच प्रतिकृती आहेत, मूळ पुतळे हवा-पावसापासून वाचवायला आत नेऊन ठेवलेत. सगळ्यात पहिला पुतळा नेपोमुकच्या संत योहानचा. १३९३ मध्ये राजा चौथ्या वेन्सेस्लासच्या हुकमानं याला नदीत टाकलं. पुतळ्याखालच्या पितळी फलकावर लोक हात लावतात आणि तेवढीच जागा सोन्यासारखी चमकते. हात लावला की पुन्हा प्रागला येणं होतं म्हणे. रांग लांब असेल तर थोडं पुढं कठड्यावर पाच ताऱ्यांचा एक छोटा क्रॉस शोधा. त्याला पाण्यात टाकलं ती जागा ती. तिथं गर्दी नसते.

पुलाच्या जुन्या शहराकडच्या टोकाला जो काळसर मनोरा आहे, त्याच्याकडं एकदा मान वर करून बघा. १६२१ साली हाब्सबुर्ग सम्राटाविरुद्ध बंड केलेल्या २७ जणांना चौकात मारलं आणि त्यातल्या १२ जणांची मुंडकी या मनोऱ्यावर टांगली. दहा वर्षं ती तिथंच होती. चौकात नगरभवनाच्या पायाशी फरसबंदीत २७ पांढरे क्रॉस आहेत. लोक त्यावर उभे राहून नगरभवनावरच्या घड्याळाचे फोटो काढतात.

आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. जुन्या शहराकडून पुलावर चढलात की लगेच उजव्या, म्हणजे उत्तरेकडच्या कठड्यावरून खाली काठाच्या भिंतीकडं बघा. दगडात कोरलेलं एक डोकं दिसेल, टक्कल पडलेलं, दाढीवालं. याचं नाव ब्राडाच, सरळ मराठीत ‘दाढीवाला’. वाहून गेलेल्या युडिथ पुलावरचं हे डोकं. लोक त्याच्यावरून पुराचं माप काढायचे. पाणी दाढीला लागलं की काठावरच्यांनी सामान वर चढवायचं, तोंडापर्यंत आलं की गल्ल्यांत पाणी, आणि टक्कल बुडालं की चौकात होडी चालवा.

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा पुलावरच हसायला लागले. आमच्या नाशकात गोदाघाटावर दुतोंड्या मारुती आहे. पावसाळ्यात कुणी विचारत नाही की गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं. विचारतात, ‘मारुतीच्या कुठवर आलंय?’ गुडघ्याला, कमरेला, छातीला. गळ्याला लागलं की सराफ बाजारातले दुकानदार माल हलवायला धावतात. बाबांना मी ब्राडाचचा फोटो पाठवला, तर त्यांचा उलट प्रश्न आला : ‘याला शेंदूर नाही लावत का?’

आताही पूर येतो का?

येतो. ऑगस्ट २००२ मध्ये आला तो फार मोठा होता. सेकंदाला सुमारे ५१६० घनमीटर पाणी शहरातून गेलं. मेट्रोची स्थानकं बुडाली, काम्पा बेट पाण्याखाली गेलं. जुनं शहर बरंचसं वाचलं ते काठावर घाईनं उभ्या केलेल्या सुट्या धातूच्या भिंतींमुळे. प्राणिसंग्रहालयातून गास्तोन नावाचा एक सी लायन पुराबरोबर निघाला आणि पोहत पोहत पार जर्मनीत सापडला. बिचारा परत आणताना मेला, पण इथले लोक अजून त्याचं नाव काढतात. काम्पावर आणि माला स्त्रानात फिरताना भिंतींवर पुराच्या रेघा आणि साल कोरलेल्या छोट्या पाट्या दिसतील. त्यांच्याशेजारी उभं राहून बघा, पाणी आपल्या कुठवर आलं असतं ते.

आईबाबांचे गुडघे दुखतात. किल्ल्यावर कसं न्यायचं?

खालून चढू नका. २२ नंबरची ट्राम धरा आणि ‘प्राझ्स्की ह्राद’ या किल्ल्याच्या थांब्यावर न उतरता पुढं ‘पोहोर्झेलेत्स’ला उतरा. हा थांबा किल्ल्यापेक्षाही वर आहे, त्यामुळे तिथून सगळा उतारच. थांब्याजवळ दोन माणसांचा एक पुतळा आहे, टायको ब्राहे आणि योहानेस केपलर हे खगोलशास्त्रज्ञ. ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षांचा नियम शाळेत घोकला होता ना, त्यावर केपलरनं काम केलं ते याच शहरात, आणि ते १६०९ मध्ये छापून आलं. टायकोची कबर खाली चौकातल्या तीन चर्चमध्ये आहे. (‘तीन’ हे त्या चर्चचं नाव, आकडा नव्हे. हा खुलासा मला दर वेळी करावा लागतो.)

पोहोर्झेलेत्सहून लोरेता चर्चवरून रमतगमत किल्ल्याच्या मुख्य दारापर्यंत या. आत फिरून झालं की नेरूदोवा रस्त्यानं खाली माला स्त्रानात उतरा. उतार जरा तीव्र आहे आणि फरसबंदी गुळगुळीत, पाऊस पडून गेला असेल तर भिंतीच्या कडेनं चाला. या रस्त्यावर घरांना नंबर यायच्या आधीची चिन्हं अजून दारांवर आहेत. दोन सूर्य, तीन व्हायोलिनं, सोन्याची किल्ली. ‘दोन सूर्यां’च्या घरात लेखक यान नेरूदा राहायचा, त्याच्याच नावाचा हा रस्ता. आईबाबांना प्रत्येक दारावर काय आहे ते ओळखायला लावलं की उतार कधी संपला ते कळत नाही. स्वानुभव आहे.

किल्ल्याचं तिकीट काढावं का?

किल्ला म्हणजे रायगड-राजगड डोळ्यांसमोर आणू नका. हा सुमारे ७० हजार चौरस मीटरवर पसरलेला राजवाडे, चर्च, अंगणं आणि गल्ल्यांचा पसारा आहे आणि देशाचे राष्ट्राध्यक्ष आजही इथूनच कारभार बघतात. अंगणांत फिरायला पैसे लागत नाहीत, सुरक्षा तपासणी तेवढी असते. तिकीट लागतं ते आतल्या वास्तूंना.

माझ्या मते एकदा काढावं, ते संत व्हितुसच्या कॅथीड्रलसाठी. १३४४ मध्ये बांधायला घेतलं आणि १९२९ मध्ये पूर्ण झालं. म्हणजे सुरुवातीचे गवंडी आणि शेवटचे गवंडी यांच्यात जवळपास सहाशे वर्षं. आतल्या रंगीत काचांमध्ये एक खिडकी चित्रकार अल्फोन्स मुखाची आहे. सकाळचं ऊन त्या काचांतून आलं की खांबांवर आणि फरशीवर निळे-हिरवे डाग पडतात. माझी भाची तेव्हा चार वर्षांची होती, ती वाकून ते पुसायला बघत होती.

जुन्या राजवाड्यातली एक खिडकीही बघून घ्या. २३ मे १६१८ रोजी चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या दोन अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणिसाला इथून बाहेर फेकलं. तिघंही वाचले. कॅथलिक म्हणाले देवदूतांनी झेललं, प्रोटेस्टंट म्हणाले खाली उकिरडा होता. युरोपात मात्र तीस वर्षं चालणारं युद्ध पेटलं.

गोल्डन लेन ही छोट्या रंगीत घरांची गल्ली, २२ नंबरच्या निळ्या घरात लेखक काफ्का काही महिने लिहायला बसायचा. फार गर्दी असेल तर मी ती सोडून देते.

ते घड्याळ बघायला थांबावं का? इंटरनेटवर लिहिलंय की निराशा होते.

निराशा होते ती फक्त बाहुल्यांसाठी थांबणाऱ्यांची. सकाळी ९ ते रात्री ११, दर तासाला सांगाडा दोरी ओढतो, वरच्या खिडक्यांतून बारा प्रेषित फिरतात, शेवटी कोंबडा आरवतो. मिनिटभरात संपतं आणि पाचशे माणसं ‘बस, एवढंच?’ म्हणून पांगतात. ती पांगली की तुम्ही पुढं व्हा आणि तबकडी नीट बघा.

हे घड्याळ, म्हणजे ओर्लोय, १४१० सालचं. अजून चालू असलेलं याच्यापेक्षा जुनं खगोलीय घड्याळ जगात नाही. यातला एक छोटा गोल म्हणजे राशिचक्र. आकडे वाचता आले नाहीत तरी मेष, वृषभ, मिथुन ही चिन्हं आपल्या कुठल्याही आजीला वाचता येतात. त्या भिशीतल्या काकूंनी सूर्य कुठल्या राशीत आहे ते माझ्याआधी सांगितलं, आणि चंद्राचा काळा-पांढरा गोळा बघून तिथीचा अंदाजही केला. सगळ्यात बाहेरच्या काळ्या कड्यावर जुन्या वळणाच्या सोनेरी अक्षरांत १ ते २४ आकडे आहेत. ती जुनी बोहेमियन वेळ, ती सूर्यास्तापासून मोजतात. आपल्याकडे घटका सूर्योदयापासून धरायचे, यांच्याकडे सूर्य मावळला की नवा दिवस सुरू. ऋतूप्रमाणे सूर्यास्त बदलतो, म्हणून ते कडंही वर्षभर मागे-पुढे सरकत राहतं. हे लक्षात आलं की पंधरा मिनिटं कशी जातात कळत नाही. पर्स मात्र पुढं धरा, वर बघणाऱ्यांचे खिसे हलके करणारे इथंच असतात.

ज्यू वस्तीत काय बघायचं? मुलांना न्यावं का?

या वस्तीचं नाव योसेफोव. शनिवारी जाऊ नका, ज्यू संग्रहालयाच्या वास्तू त्या दिवशी आणि ज्यू सणांना बंद असतात.

जुन्या दफनभूमीत १४३९ ते १७८७ या काळातले सुमारे बारा हजार दगड एकमेकांना टेकून, कलून उभे आहेत. वस्तीला जागा वाढवून मिळत नव्हती, म्हणून जुन्या कबरींवर माती टाकून नव्या केल्या, काही ठिकाणी बारा थरांपर्यंत. जमीन आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा उंच झालीय ती त्यामुळे. शेजारच्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या इथल्या जवळपास ७८ हजार ज्यूंची नावं हातानं लिहिलेली आहेत. लांबून ती करड्या रंगाची नक्षी वाटते, जवळ गेलं की आडनाव, नाव, जन्मसाल. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना न्या, आधी थोडं सांगून ठेवा.

ज्यू नगरभवनावर हिब्रू आकड्यांचं एक घड्याळ आहे, त्याचे काटे उलटे फिरतात. लहानांना ते दाखवा.

गर्दी नाही असं काहीतरी सांग.

विशेह्राद. मेट्रोच्या सी मार्गानं त्याच नावाच्या स्थानकावर उतरायचं आणि सपाटीवरून दहा मिनिटं चालत तटबंदीत शिरायचं. नदीच्या वर उभा कडा, जुन्या भिंतींवरून फिरायची वाट, अकराव्या शतकातलं गोल बुटकं चर्च, आणि बाकांवर बसलेले इथलेच आजी-आजोबा. दफनभूमीत द्वोर्झाक, स्मेताना हे संगीतकार, मुखा हा चित्रकार आणि कारेल चापेक हा लेखक. ‘रोबो’ हा आपण रोज वापरतो तो शब्द चापेकनंच जगात आणला, भावानं सुचवला असं त्यानं स्वतः सांगितलंय.

शहराच्या नावाची कथाही याच कड्यावरची. लिबुशे नावाची राजकन्या इथं उभी राहून म्हणाली, मला एक नगर दिसतंय, त्याची कीर्ती ताऱ्यांना भिडेल. रानात जा, तिथं एक माणूस घराचा उंबरठा घडवत असेल, तिथंच ते वसवा. चेकमध्ये उंबरठा म्हणजे ‘प्राह’, त्यावरून शहर ‘प्राहा’. कथाच आहे, पण संध्याकाळी त्या कड्यावरून खाली नदी आणि लांबवर किल्ल्याचे मनोरे बघताना ती खोटी म्हणवत नाही.

खाली उतरलात की रेल्वे पुलापासून नदीकाठाची नाप्लावका ही फरसबंद वाट उत्तरेकडं येते. शनिवारी सकाळी तिथं शेतकऱ्यांचा बाजार भरतो. पुढं डान्सिंग हाउस लागतं, ही नाचणाऱ्या जोडप्यासारखी दिसणारी इमारत. फोटो काढा आणि लगेच शेजारच्या रेसलोवा रस्त्यानं थोडं वर जा. उजवीकडं चर्चच्या भिंतीत खाली एक आडवी अरुंद खिडकी आहे, तिच्याभोवती गोळ्यांच्या खुणा. नाझी अधिकारी हायड्रिख याच्यावर मे १९४२ मध्ये हल्ला करणारे आणि त्यांचे साथीदार असे सात छत्रीसैनिक या चर्चमध्ये लपले होते. १८ जूनला चर्चला वेढा पडला, तळघरात पाणी सोडलं, पण एकही जण जिवंत हाती लागला नाही. खिडकीखाली बहुतेक वेळा कुणीतरी ठेवलेली ताजी फुलं असतात.

कोणते बूट आणू?

घातलेले, मळलेले, पायात बसलेले. नवे कोरे अजिबात नकोत. इथल्या गोल डोक्याच्या फरसबंदी दगडांना चेकमध्ये ‘मांजराची डोकी’ म्हणतात, आणि दिवसभर मांजराच्या डोक्यांवरून चालल्यावर तळवे काय म्हणतात ते रात्री कळतं. टाचांच्या चपला दगडांच्या फटीत अडकतात. चाकांची बॅग ओढत हॉटेल गाठायचं असेल तर चाकं मजबूत हवीत.

बूट विसरलातच तर वेन्सेस्लास चौकात बाटाचं मोठं काचेचं दुकान आहे, १९२९ सालचं. हो, आपलीच बाटा. ती मुळात ‘आपली’ नव्हेच, १८९४ मध्ये इथल्या झ्लीन गावात सुरू झालेली. बाबांना हे अजून पटलेलं नाही. चाकणला बनणारी स्कोडाही इकडचीच म्हटल्यावर त्यांनी विषय बदलला.

शाकाहारी माणसानं काय खायचं?

उपाशी राहणार नाही, पण विचारून खा. स्माझेनी सिर म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला चीजचा जाड तुकडा, बरोबर बटाट्याचे काप. ब्रामबोराक म्हणजे किसलेल्या बटाट्याचं, लसूण आणि मारजोरम घातलेलं थालीपीठच समजा, मात्र त्यात अंडं असतं. फळं भरलेले गोड क्नेडलीक हे उकडीच्या मोदकांचे लांबचे नातेवाईक, वर वितळलेलं लोणी आणि किसलेलं पनीरसारखं चीज. सूप भाजीचं दिसलं तरी पाणी मटणाचं असू शकतं. स्विच्कोवा आणि गुलाशपासून लांब राहा, त्यात बहुधा बीफ असतं.

वेटरला ‘बेझ मासा’ म्हणा. यातला ‘मासा’ आपला मासा नव्हे, ते ‘मासो’ म्हणजे संस्कृत ‘मांस’चंच भावंड. ‘बेझ मासा’ म्हणजे मांसाशिवाय. सासरेबुवांनी हे ऐकून ‘मासा नको, पण चिकन चालेल ना?’ असं विचारलं होतं.

चौकाचौकात निखाऱ्यावर फिरणारा त्रदेलनीक हा साखर लावलेला पाव ‘जुना प्राग पदार्थ’ म्हणून विकतात. जुना-बिना काही नाही, पर्यटकांच्या मागे लागून आलाय. चव वाईट नाही.

नळाचं पाणी बिनधास्त प्या. टॉयलेटला बऱ्याच ठिकाणी पैसे पडतात, म्हणून सुटी नाणी खिशात असू द्या.

युरो चालतात का? पैसे कुठं बदलू?

चलन चेक कोरुना. काही दुकानं युरो घेतात, पण दर त्यांच्या मर्जीचा. कार्ड जवळपास सगळीकडं चालतं. मशीननं ‘रुपयांत भरायचं की कोरुनांत?’ असं विचारलं तर कोरुनाच निवडा. ‘शून्य टक्के कमिशन’ असा फलक दिसला की दर वाचा. कमिशन नसतं, पण दरातच कापलेलं असतं. माझ्या मैत्रिणीनं आल्या दिवशी एका खिडकीवर असेच पैसे बदलले आणि चौकात येईपर्यंत तिच्या लक्षात आलं. इथं २०१९ पासून कायदा आहे, हजार युरोपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, पावती हवी. आम्ही परत गेलो, पावती पुढं ठेवली. खिडकीतल्या बाईनं एक अक्षर न बोलता पैसे मोजून परत दिले.

चालायचंच आहे तर ट्रामचं तिकीट कशाला?

संध्याकाळी कळेल कशाला. कागदी तिकीट असेल तर चढताना पिवळ्या यंत्रात एकदा शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीट नाहीच. साध्या कपड्यातले तपासनीस येतात. पहिल्या वर्षी मी तिकीट पर्समध्ये जपून ठेवलं होतं, कोरं करकरीत, आणि तसंच दाखवलं. दंड भरला, चूक माझीच.

त्याच तिकिटावर नदी ओलांडणाऱ्या छोट्या होड्याही चालतात हे फारशा पाहुण्यांना ठाऊक नसतं.

विमानतळावर मेट्रो नाही. ५९ नंबरची ट्रॉलीबस ए मेट्रोच्या वेलेस्लाविन स्थानकाला सोडते, तिथून शहर.

कधी यावं?

एप्रिलचा शेवट ते जून, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जूनमध्ये नऊ वाजून गेले तरी उजेड, चालायला भरपूर वेळ. डिसेंबरात नाताळ बाजार सुंदर, पण चारला अंधार आणि फरशीवर बर्फ. नाताळाआधीच्या आठवड्यांत संध्याकाळी चार्ल्स पुलावरचे गॅसचे दिवे एक माणूस लांब काठीनं हातानं पेटवत जातो. ते बघायचं असेल तर थर्मल घालून या.

चेक येत नाही. अडेल का?

नाही. दुकानात शिरताना ‘दोब्री देन’ म्हणा, निघताना ‘नास्ख्लेदानोउ’. न बोलता शिरलेला माणूस त्यांना उद्धट वाटतो. एक घोळ ध्यानात ठेवा : ‘नो’ म्हणजे इथं ‘हो’, आणि ‘ने’ म्हणजे ‘नाही’. बाकी द्वा, त्र्शी, च्तिर्झी हे आकडे आणि मेट्रोच्या घोषणेतलं ‘द्वेर्झे’ म्हणजे दार ऐकलं की संस्कृतच्या तासाची आठवण होते.

तू येशील ना बरोबर?

शनिवार-रविवार नक्की. इतर दिवशी ऑफिस असतं, पण पहाटेच्या पुलाला मी कधी नाही म्हणत नाही. जुन्या शहराकडच्या टोकाला, उजव्या कठड्यापाशी उभे राहा, खाली दाढीवाला दिसेल अशा बेतानं. उशीर झाला तर फोन करू नका, त्याच्या कुठवर पाणी आलंय ते बघत थांबा. चहा मी थर्मासमधून आणीन, आल्याचा.